थंडीची लाट : पूर्वानुमानाचा इतिहास

थंडीची लाट : (शीतलहर). एखाद्या प्रदेशातील हवेचे तापमान थोड्या अवधीत सरासरीच्या पुष्कळ खाली उतरते आणि काही दिवस तसेच राहते, तेव्हा तेथे थंडीची लाट आली असे म्हणतात. ही संकल्पना सापेक्ष आहे. सायबीरियात जे तापमान उबदार हिवाळ्याचे लक्षण मानले जाईल, ते खानदेशात हाहाकार उडवील. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १०° से. किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४·५° ते ६·४° से. ने खाली गेले असेल, तर थंडीची लाट जाहीर करतात. तफावत ६·४° से. हून अधिक झाल्यास ती तीव्र लाट ठरते. किमान तापमान ४° से. वा त्याखाली गेल्यास सरासरीचा विचार न करताही लाट मानली जाते, २° से. वा त्याखाली ती तीव्र समजतात.

मध्य कटिबंधातील मोठ्या लाटांमध्ये थंडी जागच्या जागी उत्पन्न होत नाही. ती दुरून येते. ध्रुवाजवळच्या दीर्घ रात्री हिमाच्छादित भूमीवर साचलेली जड, थंड व कोरडी हवा एखाद्या वाटेने विषुववृत्ताच्या दिशेने वाहू लागते व तिच्यामागोमाग उच्च दाबाचे क्षेत्र पसरते. जी गोष्ट चालत येते तिची वर्दी आधी मिळू शकते, या साध्या विचारावर पूर्वानुमानाचा सर्व इतिहास उभा आहे. प्रश्न एवढाच, की वर्दी किती आधी मिळावी आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा. यांतील पहिल्या प्रश्नाने शास्त्रज्ञांना शंभर वर्षे गुंतवून ठेवले. दुसरा प्रश्न त्यामानाने उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीस, गांभीर्याने विचारला गेला.

तारायंत्राचा काळ : वारा वाहतो त्याहून वेगाने बातमी जाऊ शकेल असे साधन तारायंत्राच्या रूपाने प्रथम उपलब्ध झाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट फिट्सरॉय यांनी १८६१ मध्ये वृत्तपत्रातून सार्वजनिक अंदाज प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८६३ मध्ये उच्च दाबाच्या क्षेत्रांभोवती वारे उलट दिशेने फिरतात हे नकाशांवरून दाखवून त्यांना प्रत्यावर्त या अर्थाची संज्ञा दिली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८७० मध्ये हे काम लष्कराच्या संदेश विभागाकडे सोपविण्यात आले. थंडीच्या लाटेसाठी तेथे पुढील दशकात एक स्वतंत्र निशाणच ठरविण्यात आले : पांढऱ्या कापडाच्या मध्यभागी काळा चौकोन. हे निशाण गावातील उंच इमारतीवर चढले, की शेतकऱ्यांनी गुरे गोठ्यात घ्यावीत व व्यापाऱ्यांनी नाशिवंत माल झाकावा अशी अपेक्षा असे.

या पद्धतीच्या मर्यादा १२ जानेवारी १८८८ रोजी भीषण रीतीने प्रत्ययास आल्या. डकोटा व नेब्रॅस्का या प्रदेशांत त्या दिवशी सकाळी हवा अवेळी उबदार होती. मुले जाड कपडे न घालताच शाळेत गेली, शेतकरी गुरांसह उघड्यावर होते. दिवस मावळण्याच्या आत वायव्येकडून आलेल्या हिमवादळाने काही मिनिटांत दृश्यता नाहीशी केली आणि रात्रीपर्यंत तापमान गोठणबिंदूच्या कितीतरी खाली गेले. मृतांची संख्या सामान्यतः २३५ दिली जाते. त्यांत शाळेतून घरी परतणारी मुले पुष्कळ होती व त्यामुळे हे वादळ शाळकरी मुलांच्या नावानेच ओळखले जाते. थंडी येत आहे हे केंद्रात बसलेल्या अधिकाऱ्यांना अजिबात ठाऊक नव्हते असे नाही. तथापि विस्तीर्ण माळरानावर विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत निशाणाची आज्ञा वेळेवर पोहोचणे शक्य नव्हते. अंदाज बरोबर असणे व तो उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा येथे प्रथम मिळाला. तो पुढे पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

समीकरणांची वाट : नकाशावरील जुन्या उदाहरणांशी आजची स्थिती ताडून पाहणे, हीच त्या काळातील अंदाजकाराची रीत होती. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ब्यर्कनेस (१८६२–१९५१) यांनी १९०४ मध्ये वेगळी भूमिका मांडली. वातावरणाची आजची अवस्था पुरेशा अचूकपणे ठाऊक असेल आणि एका अवस्थेतून दुसरी अवस्था कशी निष्पन्न होते त्याचे नियम ठाऊक असतील, तर उद्याचे हवामान हा गणिताचा प्रश्न ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. गतीचे, द्रव्याच्या अक्षय्यतेचे व उष्मागतिकीचे नियम ठाऊक होतेच. परंतु त्यांपासून मिळणारी समीकरणे हाताने सुटणारी नव्हती. ब्यर्कनेस स्वतः पुढे बर्गेन येथे आलेखी पद्धतीकडे वळले व तेथेच थंड आणि उबदार हवेच्या सीमेची, म्हणजे ध्रुवीय सीमापृष्ठाची, कल्पना विकसित झाली. थंडीच्या लाटेचा पुढचा काठ नकाशावर काट्याकाट्यांच्या रेषेने दाखविण्याची प्रथा याच संप्रदायाची देणगी आहे.

समीकरणांचा मार्ग सोडला नाही तो लूइस फ्राय रिचर्ड्सन (१८८१–१९५३) या इंग्रज गणितज्ञाने. क्वेकर पंथाचे व शांततावादी असल्यामुळे पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र न घेता फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम केले. तेथील फावल्या वेळात, त्यांच्याच शब्दांचा आशय सांगावयाचा तर गवताच्या थंड ढिगाला कचेरी मानून, त्यांनी २० मे १९१० या दिवसाच्या निरीक्षणांवरून सहा तासांनंतरच्या दाबाचे गणित केले. हस्तलिखित १९१७ मध्ये गहाळ झाले व काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. गणिताचे उत्तर मात्र चमत्कारिक आले : सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल! प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. रिचर्ड्सन यांनी हे अपयश न लपविता १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि चौसष्ट हजार माणसे एका प्रचंड सभागृहात बसून जगाचे हवामान गणित करीत आहेत असे चित्रही त्यात रंगविले. त्यांची समीकरणे चुकीची नव्हती. आरंभीच्या निरीक्षणांत वारा व दाब यांचा मेळ नव्हता व त्या विसंगतीतून निघालेल्या वेगवान तरंगांनी उत्तर बिघडविले, हे पुढे पीटर लिंच यांनी तेच गणित संस्कारित आकड्यांनी करून दाखविले. आपल्या अपयशाचा एवढा प्रामाणिक हिशेब विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

१९३० च्या सुमारास फुग्याबरोबर वर जाऊन बिनतारी संदेशाने तापमान, दाब व आर्द्रता कळविणारे रेडिओसाँड हे उपकरण वापरात आले. वरच्या थरांतील वाऱ्यांचे चित्र त्यामुळे प्रथमच स्पष्ट झाले. कार्ल-गुस्टाफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये दाखविले, की सर्व गोलार्धाभोवती पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांत हजारो किमी. लांबीचे तरंग असतात व थंड हवेचे लोट या तरंगांच्या न्यून दाबाच्या द्रोणींतूनच दक्षिणेकडे उतरतात. थंडीची वाट जमिनीवर शोधण्याऐवजी पाच-सहा किमी. उंचीवर शोधावी लागते, हे यामुळे कळले. आजही अंदाजकार प्रथम ५०० मिलिबार पातळीचा नकाशा उघडतो, तो याच कारणास्तव.

गणकयंत्राचा पहिला हिवाळा : रिचर्ड्सन यांचे सभागृह अखेर यंत्राच्या रूपाने अवतरले. जूल चार्नी, रॅग्नर फ्यर्टॉफ्ट व जॉन फॉन नॉयमान यांच्या गटाने १९५० च्या वसंत ऋतूत एनिॲक या इलेक्ट्रॉनीय गणकयंत्रावर चोवीस तासांचे चार अंदाज तयार केले. निवडलेले दिवस १९४९ च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांतील होते. उत्तर अमेरिका व शेजारील महासागर यांवर ७३६ किमी. अंतराने २७० बिंदूंचे जालक पसरलेले होते. चोवीस तासांच्या अंदाजास जवळजवळ चोवीसच तास लागत. छिद्रित पत्रांची हाताळणी अहोरात्र चाले. क्लारा फॉन नॉयमान यांनी या गटाला यंत्रासाठी आज्ञा लिहिण्याची रीत शिकविली व त्या तपासूनही दिल्या. त्यांचा उल्लेख जुन्या वृत्तांतांत अपुराच आढळतो. गमतीचा भाग असा, की हिवाळ्यातील दिवसांच्या या पहिल्या यांत्रिक अंदाजात तापमान नव्हतेच. वातावरण एकाच थराचे मानले होते व केवळ ५०० मिलिबार पातळीच्या उंचीचा अंदाज केलेला होता. तरीही मोठे तरंग ठीक दिशेने सरकले व तेवढे पुरेसे होते. स्वीडनने १९५४ मध्ये आणि अमेरिकेने १९५५ मध्ये असे अंदाज नित्य कामात वापरण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये ते १९६५ मध्ये सुरू झाले. तेथील १९६२–६३ चा हिवाळा १७४० नंतरचा सर्वांत थंड ठरला होता आणि त्या वेळच्या अंदाजकारांच्या हाती मुख्यतः पेन्सिल व अनुभवच होता.

प्रतिमानांच्या मर्यादा व समूह-अंदाज : यंत्रे मोठी होत गेली तशी अंदाजाची मुदत वाढत जाईल अशी आशा होती. एडवर्ड लोरेन्झ (१९१७–२००८) यांनी तिला लगाम घातला. एका साध्या प्रतिमानात ·५०६१२७ या संख्येऐवजी ·५०६ ही संख्या भरल्यावर काही काळाने सर्वस्वी निराळे हवामान निष्पन्न झाले. १९६३ च्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की आरंभीच्या अवस्थेतील क्षुल्लक चूकही वाढत जाऊन ठराविक मुदतीनंतर अंदाज निरर्थक ठरतो. दैनंदिन तपशिलाच्या बाबतीत ही मुदत सुमारे दोन आठवडे मानली जाते. यूरोपीय देशांनी १९७५ मध्ये स्थापन केलेले मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचे केंद्र १९७९ पासून नियमित अंदाज देऊ लागले व या मर्यादेच्या दिशेने ते चिकाटीने सरकत राहिले.

चूक टाळता येत नसेल, तर ती मोजावी, हा पुढचा विचार होता. १९९२ च्या डिसेंबरमध्ये यूरोपीय केंद्राने व अमेरिकेच्या राष्ट्रीय केंद्राने समूह-अंदाज सुरू केले. आरंभीच्या अवस्थेत निरीक्षणांतील संभाव्य चुकांएवढे सूक्ष्म फेरफार करून तेच प्रतिमान अनेकदा चालवावयाचे व निघालेल्या उत्तरांचा विस्तार पाहावयाचा, अशी ही पद्धत आहे. यूरोपीय समूहात १९९६ पासून ५१ घटक आहेत. उत्तरे एकमेकांजवळ राहिली तर विश्वास ठेवावा, विखुरली तर जपून बोलावे, असा याचा ढोबळ अर्थ.

थंडीच्या लाटेच्या बाबतीत हा ढोबळ अर्थ अपुरा पडतो. पश्चिम यूरोपचे उदाहरण घेता येईल. स्कँडिनेव्हियावर अवरोधी प्रत्यावर्त स्थिर होईल की नाही यावर ब्रिटनचे हवामान अवलंबून असते. तो स्थिरावला तर रशियाकडून पूर्वेचे बोचरे वारे येतात. तो खचला तर अटलांटिक महासागरावरून पश्चिमेचे सौम्य, दमट वारे येतात. मधली अवस्था सहसा टिकत नाही. अशा वेळी समूहातील तीस घटक पूर्वेचे वारे दाखवितात व वीस घटक पश्चिमेचे. त्यांची सरासरी काढली, तर मंद वाऱ्याचा मध्यम थंड दिवस मिळतो, म्हणजे एकाही घटकाने न वर्तविलेले हवामान! म्हणून जाणकार अंदाजकार सरासरीकडे न पाहता घटकांचे गट पाडतो, प्रत्येक गटामागील वरच्या वाऱ्यांची रचना पाहतो आणि दर बारा तासांनी येणाऱ्या नव्या गणितात कोणता गट वाढत आहे व कोणता ओसरत आहे हे तपासतो. एकाच गणितातील नाट्यमय नकाशावर भाळणे हा नवख्यांचा दोष आहे. अनुभवी माणसेही त्यातून सर्वस्वी मुक्त नाहीत. ज्याला बर्फ हवे असते त्याला समूहातील थंड घटकच अधिक शहाणे वाटू लागतात.

जालकातील एका बिंदूचे तापमान हे एखाद्या गावाचे तापमान नव्हे, हाही मुद्दा महत्त्वाचा आहे. निरभ्र, निर्वात रात्री दरीत थंड हवा साचते व तापमान उंचीबरोबर वाढते. हा उलटा क्रम प्रतिमानाला पुरता पकडता येत नाही. नव्या बर्फाच्या आच्छादनावर त्याची चूक अधिक वाढते. १९७२ मध्ये अमेरिकेत ग्लान व लोरी यांनी प्रतिमानाची जुनी उत्तरे व स्थानिक निरीक्षणे यांचा सांख्यिकीय संबंध जोडून ही चूक दुरुस्त करण्याची पद्धत मांडली. ती रूपांतरित स्वरूपात आजही वापरात आहे.

स्थितांबराकडून येणारी सूचना : १९५२ मध्ये बर्लिन येथे रिचर्ड शेरहाग यांना आढळले, की ऐन हिवाळ्यात स्थितांबराचे तापमान काही दिवसांत कित्येक दशांश अंशांनी नव्हे, तर कित्येक दशक अंशांनी वाढू शकते. तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये याचे कारण सांगितले : तपांबरातील महातरंग वर जाऊन ध्रुवाभोवतीच्या वेगवान वाऱ्यांना रोखतात, तेव्हा ध्रुवीय भोवरा विस्कटतो व तेथील हवा खाली उतरून तापते. मार्क बॉल्डविन व टिमथी डंकर्टन यांनी २००१ मध्ये दाखविले, की या उलथापालथीचा प्रभाव हळूहळू खाली येऊन सुमारे दोन महिन्यांपर्यंत पृष्ठभागावरील हवामानाचा कल बदलू शकतो. लोरेन्झ यांच्या मर्यादेपलीकडे डोकावण्याची ही एक फट होती.

या फटीतून काय दिसते व काय दिसत नाही, हे दोन लागोपाठच्या हिवाळ्यांनी स्पष्ट केले. १२ फेब्रुवारी २०१८ च्या सुमारास ध्रुवीय भोवरा दुभंगला. भोवरा फुटल्यानंतर मात्र यूरोपवर पूर्वेचे वारे येण्याची शक्यता प्रतिमाने उत्तरोत्तर ठामपणे दाखवू लागली. महिनाअखेरीस सायबीरियाच्या बाजूने आलेली थंडी ब्रिटन व आयर्लंडपर्यंत पसरली, २६ फेब्रुवारीस रोममध्ये बर्फ पडले आणि ब्रिटनमध्ये बर्फवृष्टीचा सर्वोच्च, तांबडा इशारा द्यावा लागला. पुढील हिवाळ्यात, जानेवारी २०१९ च्या प्रारंभी, भोवरा पुन्हा विस्कटला. आदल्या वर्षाची स्मृती ताजी होती व ब्रिटनसाठीच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजांतही थंडीकडे कल दाखविला होता. थंडी आली, पण ती अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात : ३० जानेवारीस शिकागोचे तापमान −३०° से. खाली गेले. ब्रिटनमध्ये २६ फेब्रुवारीला लंडनजवळील क्यू येथे २१·२° से. इतक्या, तोवरच्या हिवाळी उच्चांकाची नोंद झाली. भोवऱ्याच्या विस्कटण्याने फासे जड होतात; दान कोठे पडेल ते त्यावरून ठरत नाही.

फेब्रुवारी २०२१ मधील टेक्सस राज्याची लाट आणखी वेगळ्या कारणाने स्मरणात राहील. येथे प्रतिमाने चुकली नाहीत. असाधारण थंडी येणार हे सुमारे आठवडाभर आधी स्पष्ट होते. १६ फेब्रुवारीस डॅलस येथे −१९° से. तापमान नोंदले गेले. परंतु वीजनिर्मिती केंद्रे, वायूच्या नळवाहिन्या व विहिरी अशा थंडीसाठी सज्ज केलेल्या नव्हत्या. २०११ च्या लाटेनंतर तशा शिफारशी झाल्या असूनही त्यांची सक्ती करण्यात आली नव्हती. लक्षावधी घरांची वीज कित्येक दिवस बंद राहिली व राज्याच्या अधिकृत गणनेनुसार २४६ माणसे मृत्यू पावली. १८८८ मध्ये सूचना वस्तीपर्यंत पोहोचली नव्हती. येथे ती प्रत्येकाच्या हातात होती.

भारत : भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. उत्तर भारतातील थंडीचा क्रम पूर्वीपासून परिचित आहे : भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ व पंजाबात पाऊस देऊन पूर्वेकडे सरकतो, आकाश निवळते आणि मागून उत्तरेचे कोरडे वारे सुटतात. ध्रुवीय हवेचे थेट लोंढे हिमालय व त्यापलीकडील पठार अडवितात, त्यामुळे आपल्याकडील लाटा मध्य कटिबंधातील लाटांहून सौम्य असतात. गंगेच्या मैदानात आणखी एक अडचण येते. तेथे पुष्कळदा दाट धुके दिवसचे दिवस सूर्यप्रकाश अडविते व दुपारही गारठते. अशी थंडी बाहेरून येत नाही, तेथेच मुरते. तिच्या अंदाजासाठी जमिनीलगतच्या काहीशे मीटर थरातील बाष्प अचूक ठाऊक असावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१५–१६ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याची सविस्तर निरीक्षणे घेण्यास प्रारंभ केला, तो याच हेतूने.

मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी १९८८ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. २०१८ मध्ये पुण्यात ‘प्रत्युष’ व नोएडा येथे ‘मिहिर’ हे महासंगणक कार्यान्वित झाले आणि त्याच वर्षी सु. १२ किमी. जालकावरील २१ घटकांचा समूह-अंदाज सुरू झाला. मे २०२५ मध्ये ६ किमी. जालकाचे भारतीय प्रतिमान अधिकृतपणे वापरात आले. दरम्यान समीकरणे न सोडविता जुन्या निरीक्षणांवरून शिकणारी प्रतिमानेही पुढे आली असून यूरोपीय केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये असे एक प्रतिमान नित्य कामात घेतले. जुन्या नोंदींत अपवादानेच आढळणाऱ्या टोकाच्या थंडीबाबत त्यांचा कस अद्याप लागावयाचा आहे.

महाराष्ट्रात धुळे, जळगाव, नासिक व विदर्भाचा उत्तर भाग यांना लाटांचा उपद्रव अधिक होतो. कोकणाला समुद्राचे संरक्षण लाभते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १·७° से. पर्यंत पारा उतरल्याची नोंद आहे. निफाडच्या द्राक्षबागांत डिसेंबर-जानेवारीतील एकदोन रात्रींवर वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते : मणी तडकतात, त्यांची वाढ खुंटते. वेधशाळेचे तापमान जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरील पेटीत मोजलेले असते व निरभ्र रात्री वेलीच्या बुडाशी त्याहून दोन-तीन अंश कमी भरू शकते. त्यामुळे ५° चा अंदाज ऐकून बागाईतदार आपल्या मळ्यापुरता तो २° चा धरतो, पहाटे बागेत पाणी सोडतो आणि बांधावर शेकोट्या पेटवितो.